विद्यावेतनाचे दान

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा निर्धन विद्यार्थ्याने कोणापुढे हात न पसरता स्वतःच्या श्रमावर विद्या संपादन करावी, हा विचार महाराष्ट्रात दृढमूल झाला. ‘कमवा व शिका’ या नावाने तो आज आपल्या विद्यापीठांतून नांदतो आहे. परंतु त्यातील बहुतेक काम महाविद्यालयाच्या आवारातच, ग्रंथालयात, बागेत किंवा दप्तरात, आटोपते. या योजनेचे क्षेत्र गावातील लहान धंद्यांपर्यंत व सेवाभावी संस्थांपर्यंत विस्तारावे, आणि तेथे उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या विद्यावेतनाचा भार दात्यांनी उचलावा, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणास श्रेयांक मिळू लागले, हे इष्टच झाले. तथापि ही उमेदवारी विनावेतन असेल, तर ज्याच्या सायंकाळच्या मजुरीवर घरची चूल अवलंबून आहे, त्या विद्यार्थ्याला ती परवडणार कशी? केंद्र सरकारने 2024 साली दरमहा 5,000 रुपयांची इंटर्नशिप योजना सुरू केली खरी. पण तिचा रोख अग्रगण्य 500 कंपन्यांकडे होता, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस तीत प्रवेश नव्हता. तालुक्याचा विद्यार्थी आणि तालुक्याचा धंदा, दोघेही उपेक्षितच राहिले.

वास्तविक शिकलेल्या हाताची निकड लहानांनाच अधिक असते. मसाले करणाऱ्या बचतगटाला अन्नपरवान्याचा अर्ज, वेष्टनावरील मजकूर आणि नेटका जमाखर्च हवा असतो. नोंदणीकृत न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे दरसाल हिशेब रुजू करावे लागतात. जुन्या वाचनालयाला ग्रंथसूची अद्ययावत करावयाची असते. आणि यांपैकी एकाजवळही पगारी कारकून ठेवण्याची ऐपत नसते.

धर्मादायाचा पैसा खाजगी व्यापाऱ्याच्या नफ्यासाठी का खर्चावा, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तही आहे. म्हणूनच सेवाभावी संस्थेतील विद्यावेतन संपूर्णपणे दानातून द्यावे, व्यापाऱ्याने मात्र त्यातील काही हिस्सा स्वतः सोसावा; कामाचे स्वरूप आणि मुदत आगाऊ लेखी ठरवावी; विद्यार्थ्याला शिकविण्यासाठी एका जाणत्या माणसाने जबाबदारी पत्करावी; आणि झाडलोट वा निरोप्याचे काम सांगणाऱ्याकडे पुन्हा विद्यार्थी पाठवू नये. निवड महाविद्यालयाने गरज व योग्यता पाहून करावी. तीत दात्याची शिफारस चालू नये.

दरमहा 5,000 रुपये धरल्यास दहा विद्यार्थ्यांच्या चार महिन्यांच्या उमेदवारीस 2 लाख रुपये पुरतात. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास लावण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या कार्यांत शिक्षणाचा समावेश आहे. शिवाय माजी विद्यार्थ्यांचे औदार्य आपल्या महाविद्यालयांना नवे नाही. सभागृहांना आणि प्रवेशद्वारांना आजवर पुष्कळ देणग्या लाभल्या. यापुढे प्रत्येक महाविद्यालयाने एक विद्यावेतन निधी स्थापावा, त्याचा हिशेब दरसाल प्रसिद्ध करावा, आणि ज्यांचे शिक्षण समाजाच्या आधारावर झाले, त्यांनी त्या निधीत पहिली देणगी घालावी.