रावेरच्या बागांतील अनामिक मजूर : महाराष्ट्र शासनाच्या कामगार विभागास खुले पत्र



हे पत्र एकाच मागणीसाठी लिहिले आहे. रावेर तालुक्यातील केळीच्या बागांत काम करण्यासाठी सातपुडा ओलांडून जे मजूर वर्षानुवर्षे येतात, आणि याच तालुक्यातून जे मजूर पोटासाठी बाहेर जातात, त्या दोघांचीही नावे शासनाच्या एखाद्या दप्तरात लिहिली जावीत, ही ती मागणी. विषय आपल्या परिचयाचा आहे; त्यावर अर्ज झाले, निवेदने झाली, आणि एका कचेरीने ते प्रकरण दुसऱ्या कचेरीचे, दुसरीने तिसरीचे ठरवून प्रत्येक कागदाचा शेवट जावक क्रमांकात केला. अर्जाच्या भाषेने जे साधले नाही ते आता सर्वांच्या देखत विचारावे, यापलीकडे आम्हांला मार्ग उरलेला नाही.

आमच्या तालुक्यात केळीची नोंद किती काटेकोर आहे ते प्रथम सांगतो. पावसाळी लागवडीची मृगबाग कोणाची, त्यानंतरच्या लागवडीची कांदेबाग कोणाची, कोणत्या गटात किती क्षेत्रावर लागवड झाली, हे ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याच्या मोबाइलमधून छायाचित्रासह सातबाऱ्यावर चढते. तापमान किती अंशांवर गेले, वारा केव्हा किती वेगाने वाहिला, याचा हिशेब ठेवून हवामानावर आधारित फळपीक विम्यातून त्याच बागेची भरपाई ठरते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र त्याच बागेत पहाटे शिरून घड कापणारा, तो खांद्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत आणणारा आणि ट्रक भरून झाल्यावर शेतातल्याच झोपडीत अंग टाकणारा जो पावरा, बारेला वा भिलाला आदिवासी मजूर, त्याचे नाव मुकादमाच्या खिशातील वहीखेरीज कोठेही आढळत नाही, आणि ती वहीदेखील उचल किती दिली व किती फिटली एवढ्यापुरतीच असते. पिकाचा पंचनामा करणाऱ्या राज्याला पिकवणाऱ्या हातांची मोजणी करता येत नाही, हे आम्ही कसे मानावे?

हा मजूर दूरदेशीचा नव्हे. ज्या बऱ्हाणपूर आणि खरगोन जिल्ह्यांतून तो येतो, त्यांपैकी बऱ्हाणपूर हे मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. आजही भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा, रावेर करीत थेट बऱ्हाणपुरास जाते. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने त्याला भारतात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला आहे. त्याचे येणे सर्वथा कायदेशीर आहे. बेकायदेशीर आहे ती त्याला आणण्याची, राबवण्याची आणि हिशेबाविना परत धाडण्याची रीत, आणि ती रीत शासनाच्या डोळ्यांदेखत चाळीस वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे.

चाळीस वर्षे म्हणतो ते अशासाठी की, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा संसदेने १९७९ साली केला. पाच वा अधिक परप्रांतीय कामगार ठेवणाऱ्या आस्थापनेने नोंदणी करावी, त्यांना आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक कामगारास छायाचित्रासह पासबुक द्यावे, स्थानिक कामगाराइतकेच वेतन द्यावे, विस्थापन भत्ता म्हणून मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वा ७५ रुपये यांपैकी जी अधिक असेल ती द्यावी, जाण्यायेण्याचा खर्च, निवारा व औषधोपचार द्यावा, इतके सारे त्यात लिहिलेले होते. या अटी मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही होती. आमच्या बागांत असे पासबुक हाती असलेला एकही मजूर आम्हांला आजवर भेटलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे जे हाल देशाने पाहिले त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी स्पष्ट आदेश दिला की, सर्व राज्यांनी या कायद्याखाली आस्थापनांची नोंदणी करावी, ठेकेदारांना परवाने द्यावेत आणि कामगारांची माहिती पूर्ण करावी. त्या आदेशाचा प्रकाश रावेरच्या बांधापर्यंत आला नाही.

आणि आता तो कायदाच राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने त्याची जागा घेतली. तिच्यात स्वतःच्या पायाने आलेल्या मजुराचाही समावेश केला आहे, ही सुधारणा आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु जी आस्थापना पाच कामगारांवर कायद्याच्या कक्षेत येत होती ती आता दहावर येते. विस्थापन भत्ता गेला. आणि मासिक १८,००० रुपयांच्या वेतनमर्यादेची अट लागली. केळी कापणारी टोळी पुष्कळदा दहाहून लहान असते, हे ज्याने एकदा बागेत उभे राहून कापणी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. शिवाय ती टोळी आज एका शेतकऱ्याच्या बागेत, उद्या दुसऱ्याच्या. शेतकरी म्हणतो, माल व्यापाऱ्याने घेतला, टोळी त्याची. व्यापारी म्हणतो, टोळी मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच एक. मालक कोण, हे ठरवल्यावाचून पाच काय आणि दहा काय, एकही मजूर मोजला जाणार नाही. ई-श्रम नोंदणीचे उत्तर आम्हांला देऊ नये. त्या कार्डावरून असंघटित कामगार म्हणून एका माणसाची नोंद झाली एवढे कळते, तो आज कोणाच्या बागेत, किती मजुरीवर, कोणाच्या उचलीखाली राबतो हे कळत नाही.

नोंद नसल्याचे मोल काय पडते, ते आम्ही तीन घटनांवरून आपल्यापुढे ठेवतो. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. ते मध्य प्रदेशातील होते, जालन्याहून निघाले होते, आणि गाडी मिळेल या आशेने आमच्या भुसावळकडे चालत होते. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले या प्रश्नावर केंद्र शासनाने लोकसभेत लेखी उत्तर दिले की, अशी माहिती ठेवली जात नाही. एक कोटीहून अधिक मजूर घरी परतले हे त्याच शासनाला मोजता आले. मेले किती, हे मोजता आले नाही.

त्यानंतर महिन्याभराने, ऑक्टोबर २०२० मध्ये, रावेरपासून जवळच बोरखेडा रस्त्यावरील शेतात मध्य प्रदेशातून आलेल्या मजूर कुटुंबाची चार मुले, आईवडील गावी गेलेले असताना, शेतातल्या घरात ठार मारली गेली. गुन्हेगारास शासन करणे हे न्यायालयाचे काम आहे, त्यात आम्ही बोलत नाही. परंतु परमुलखातून आलेल्या कुटुंबाने वस्तीपासून दूर, एकाकी शेतात राहावे, त्याच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह नसावे, आणि आईवडिलांना गावी जाणे भाग पडले तर ती चार लेकरे कोणाच्या भरवशावर असावीत हा प्रश्न कोणाच्याही कर्तव्यात बसू नये, हे बदलणे मात्र सर्वस्वी आपल्या अधिकारातील आहे.

तिसरी घटना आमच्याच माणसांची. १४ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी येणारे किमान १५ मजूर त्याखाली दबून मृत्यू पावले. आभोडा, केऱ्हाळा, रावेर, ही त्यांची गावे. मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, शोकसंदेश दिल्लीहूनही आले. पण ही माणसे धुळे जिल्ह्यातून जळगाव जिल्ह्यात येत होती, राज्याची सीमा ओलांडत नव्हती; म्हणून १९७९ च्या कायद्याला ती दिसत नव्हती, आणि नव्या संहितेतील आंतरराज्य स्थलांतरितांच्या प्रकरणालाही दिसणार नाहीत. मालवाहू गाडीवर माणसे बसवून नेणे हा गुन्हा आहे आणि तो आजही आमच्या रस्त्यांवर दररोज घडताना दिसतो. रावेरला येणारा मजूर असो वा रावेरहून जाणारा, दोघांची वाट एकाच अंधारातून जाते.

या साऱ्या काळात राज्यात चर्चा कशाची चालली आहे? परदेशी घुसखोरांची. घुसखोरी आम्हांला मान्य नाही. पारपत्राविना देशात येणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद २०२५ च्या नव्या कायद्यात केली आहे, तिचाही आम्ही विरोध करीत नाही. घुसखोरीशी जोडल्या गेलेल्या जन्मदाखल्यांच्या गैरव्यवहाराचा तपास जळगाव जिल्ह्यातही झाला, तो झालाच पाहिजे. परंतु मुख्य गोष्ट अशी की, ज्या राज्याने स्वतःच्या देशबांधव मजुराचे नाव कोठेही लिहून ठेवले नाही, ते राज्य परक्याला ओळखणार कोणत्या आधारावर? २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे लोटण्यात आले, आणि ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. त्यांच्या कामाच्या ठिकाणी एक खरी हजेरी असती, ठेकेदाराचा एक परवाना असता, तर त्या माणसांना आपल्याच देशातून हद्दपार होण्याची वेळ आली नसती. नोंद जशी नागरिकाचे संरक्षण करते तशीच ती घुसखोराचा आडोसा काढून घेते. ज्यांना घुसखोरीची खरोखर चिंता आहे त्यांनी सर्वांत आधी मजुरांच्या नोंदवहीची मागणी करावयास हवी होती. ती त्यांच्या तोंडून आम्ही ऐकली नाही.

नोंदणीला विरोध कोण करतो हेही लपवीत नाही. स्थानिक भूमिहीन मजूर म्हणतो की, बाहेरची टोळी कमी दरात काम घेते आणि आमची मजुरी पडते. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याच्यावर अन्याय होतो. पण ती टोळी कमी दरात काम घेते ती उचलीखाली दबलेली असते म्हणून. तिला समान वेतनाचा कायदा खरोखर लागू झाला तर स्थानिक मजुराचा दरही टिकेल. दुसरीकडे बागाईतदार म्हणतात की, नोंदणी म्हणजे निरीक्षक, निरीक्षक म्हणजे फेऱ्या आणि खर्च. केळीला भाव नसला की उभी बाग सोडून द्यावी लागते, ही त्यांची व्यथा आमच्या घरचीच आहे. तथापि मजुराला अनामिक ठेवून वाचवलेला पैसा बागाईतदाराच्या पदरात पडतो असे नाही. त्यातला मोठा वाटा मध्यस्थांकडे जातो, आणि अपघात झाला की प्रथम पोलीस ठाण्यात बसावे लागते ते शेतकऱ्यालाच.

मजुराची नोंद आणि लेखी करार शासनाला अशक्य नाही, हे जर्मनीच्या उदाहरणावरून दिसते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल तरुण तेथे पाठवण्याची योजना आखली. त्यांना भाषा शिकवावयाची, त्यांचे कौशल्य प्रमाणित करावयाचे, त्यांच्या नोकरीच्या अटी लेखी असावयाच्या. हे सर्व उत्तम आहे. आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुरासाठीही १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, १८ देशांकरिता परवानगीची सक्ती आहे, भरती करणाऱ्या दलालाला अनुज्ञप्ती घ्यावी लागते. जर्मनीने स्वतः १९६१ मध्ये तुर्कस्तानातून मजूर करारावर आणले. थोड्या वर्षांसाठी येतील आणि परत जातील असे धरून त्यांच्या कुटुंबांचा, मुलांच्या शाळांचा विचार केला नाही. १९७३ मध्ये भरती बंद केली तेव्हा पुष्कळ जण तेथेच राहिले आणि त्या उणिवा भरून काढण्यास पुढच्या पिढ्या खर्ची पडल्या. तरीही त्या देशाने प्रत्येकाचा करार लिहून ठेवला होता. परदेशी जाणाऱ्या महाराष्ट्रीय मुलाला लेखी करार मिळावा म्हणून आपण धडपडता. मग सातपुड्यातील पालच्या जंगलवाटेने उतरून रावेरास येणाऱ्या बारेला मुलाला तोच करार देण्यास आपणांस काय अडथळा आहे? तो युरो मिळवून आणीत नाही, एवढाच का?

शेतमजुराच्या हक्काची भाषा आमच्या भागाला नवी नाही. आमच्या शेजारच्या फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, आणि तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला निर्वाहाइतके वेतन आणि योग्य कामाची परिस्थिती कायद्याने मिळावी असे कलम होते. ते कलम ज्या तालुक्यांच्या सीमेवर लिहिले गेले त्याच तालुक्यांत आज मजुराची साधी गणती होत नाही, याचे उत्तर आपण देणे लागता.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत हंगामी मजुरांची नोंदवही उघडावी, जशी ऊसतोड कामगारांसाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णय शासनाने पूर्वी घेतलेला आहे. केळीच्या कापणीत मालक म्हणून व्यापाऱ्याची जबाबदारी शासन निर्णयाने निश्चित करावी. दहाची अट आमच्या बागांना लावू नये, पाचपेक्षा लहान टोळीचीही नोंद व्हावी, आणि ती मजूर राज्याबाहेरून आला की जिल्ह्याबाहेरून, असा भेद न करता व्हावी. एक देश एक शिधापत्रिका योजनेचे धान्य त्याच नोंदीवर त्याला रावेरच्या दुकानात मिळावे, आणि मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू व्हावे.

जूनमध्ये मृगबागेची लागवड सुरू होईल. त्यापूर्वी रावेर तालुक्यात किती स्थलांतरित मजूर काम करतात, हा आकडा गावनिहाय तहसील कचेरीच्या फलकावर लावावा, आणि तो कोणी मोजला त्या अधिकाऱ्याची सही त्याखाली असावी, अशी आमची आपल्याकडे जाहीर मागणी आहे.

रावेर तालुक्यातील एक रहिवासी
रावेर, जि. जळगाव