पंगतीबाहेरचा

श्रीलंकेच्या अध्यक्षपदाची शपथ अनुरा कुमारा दिसानायके यांनी 2024 च्या सप्टेंबरात घेतली आणि आपल्याकडच्या वाहिन्यांवर एकच गिल्ला सुरू झाला. कोणी म्हणाले मार्क्सवादी आला, कोणी म्हणाले चीनचा माणूस आला. काहींनी तर श्रीलंकेच्या मतदाराने रागाच्या भरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचेही जाहीर करून टाकले. हे शेवटचे विधान सर्वात चीड आणणारे. राजपक्षे बंधूंनी देश गहाण टाकला तेव्हा याच मंडळींच्या लेखी ते ‘खंबीर नेतृत्व’ होते. ज्या मतदाराने पेट्रोलच्या रांगेत रात्री काढल्या, कागद नाही म्हणून ज्याच्या मुलांच्या परीक्षा 2022 मध्ये पुढे ढकलाव्या लागल्या, त्याने विचार करून मत दिले की त्याला लगेच भाबडा ठरवायचे, हा कुठला न्याय?

आकडे पाहा. 2019 च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसानायके यांना मते मिळाली 4 लाख 18 हजार, म्हणजे 3.16 टक्के. 2024 मध्ये पहिल्या पसंतीची 56 लाखांहून अधिक, म्हणजे 42.31 टक्के. त्यांचे वक्तृत्व पाच वर्षांत तेरापट सुधारले असे काही झालेले नाही. पक्षाची विचारसरणीही तीच आणि निवडणुकीवेळी संसदेतील 225 पैकी त्यांचे खासदारही तीनच होते. माणूस होता तिथेच राहिला. त्याच्याभोवतीच्या सगळ्यांनी आपापली किंमत घालवली. जे 3 टक्के काल हसण्यावारी नेले जात होते तेच आज त्यांचे भांडवल झाले. तुम्हाला कधीच कोणी निवडून दिले नाही, म्हणजे बुडवणाऱ्यांत तुम्ही नव्हता, हा तो हिशेब.

भ्रमनिरास झालेल्या मतदाराला असा उमेदवार का भावतो, या प्रश्नावर आता बरीच विद्वत्ता पाजळली जाईल. तरुणाई, समाजमाध्यमे, प्रतिमानिर्मिती वगैरे. तेही असेल. पण इतकी वर्षे फसलेला माणूस जाहीरनामे वाचत नाही. ते त्याने खूप वाचलेले असतात. तो एकच पाहतो : पंगत बसली होती तेव्हा हा पानावर होता की नव्हता. कोलंबोतील उमेदवारांची यादी या कसोटीला लावून बघा. रानिल विक्रमसिंघे हे पहिले कार्यकारी अध्यक्ष जयवर्धने यांचे भाचे. सजित प्रेमदासा हे माजी अध्यक्षांचे पुत्र. नमल राजपक्षे हेही माजी अध्यक्षांचे पुत्र, आणि तेही कोणाचे, तर महिंदांचे! एकूण 39 नावांची मतपत्रिका, त्यात एकही स्त्री नाही. आणि आघाडीच्या चारांत ज्याच्या घरात याआधी अध्यक्षपद आले नव्हते असा एकच, अनुराधापुरा जिल्ह्यातील मजुराच्या घरात वाढलेला. मग गर्दी त्याच्या सभांना झाली तर त्यात चीनचा हात कशाला शोधायचा?

अर्थात, ‘मी त्यांच्यातला नाही’ हा माल श्रीलंकेत पहिल्यांदा विकला गेलेला नाही. त्याआधीच्या दहा वर्षांत तो दोनदा विकला गेला होता. 2014 च्या नोव्हेंबरात मैत्रिपाल सिरिसेना यांनी तेव्हाचे अध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्यासोबत रात्री अप्पम खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच विरोधात उमेदवारी जाहीर केली. जेवण यजमानाचे आणि बंडही यजमानाविरुद्ध, हे पाहून लोक खूश झाले. सुशासनाच्या नावाने 51.28 टक्के मते पडली. पुढे काय झाले? वर्षभरात मध्यवर्ती बँकेचा रोखे घोटाळा आला. 2018 मध्ये याच सिरिसेनांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना एका रात्रीत घालवून त्या खुर्चीवर कोणाला बसवले, तर महिंदा राजपक्षे यांना. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले म्हणून तो खेळ संपला. मग 2019 च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसे गेली. गुप्तवार्ता आधी मिळूनही कोणी हलले नव्हते. त्या हलगर्जीबद्दल न्यायालयाने नंतर सिरिसेना यांना 10 कोटी रुपये भरायला लावले.

त्या भीतीवर स्वार होऊन आले गोताबाया राजपक्षे. त्यांची जाहिरात काय होती? हा राजकारणी नाही, हा लष्करी शिस्तीचा, काम करून दाखवणारा माणूस. थोरला भाऊ दोनदा अध्यक्ष, स्वतः नऊ वर्षे संरक्षण सचिव, आणि तरीही म्हणे राजकारणाबाहेरचा! त्यांना 52.25 टक्के मते मिळाली. मूल्यवर्धित कर त्यांनी आल्या आल्या 15 वरून 8 टक्क्यांवर आणला, तिजोरी रिकामी झाली. 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भातशेती झोपली. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्ज फेडता येत नाही अशी कबुली सरकारला द्यावी लागली. जुलैत लोक अध्यक्षांच्या निवासस्थानी शिरले, तिथल्या तलावात पोहले. साहेब लष्करी विमानाने मालदीवला पळाले.

आणि शिक्षा? ती ऐकाच. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या नोव्हेंबरात महिंदा, गोताबाया आणि बासिल या तिघाही भावांना, इतर काही अधिकाऱ्यांसह, आर्थिक विध्वंसाला जबाबदार धरले. अर्जदारांना खर्चापोटी दीड लाख रुपये द्या, असा आदेश झाला. श्रीलंकेचे रुपये. दोन कोटींहून अधिक लोकांचे जगणे उद्ध्वस्त केल्याची ही किंमत. पळून गेलेले गोताबाया तोवर परत येऊन सरकारी बंगल्यात राहूनही चुकले होते. असे असताना मतदाराने ‘व्यवस्थेवर’ विश्वास ठेवावा, ‘अनुभवी’ माणसालाच निवडावे, असे सांगणारे लोक नेमके कोणाचे हित पाहतात?

आता अनुभवी माणसाविषयी. विक्रमसिंघे यांनी अर्थव्यवस्था सावरली हे खरे. नाणेनिधीचे 290 कोटी डॉलरचे साह्य आणले, 70 टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई खाली आणली, रांगा संपवल्या. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे आणि इथे ते दिले आहे. पण हे अध्यक्ष आले कुठून? 2020 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार मतदारसंघातून निवडून आला नाही, स्वतः रानिल यांचाही पराभव झाला. राष्ट्रीय यादीतली एक जागा तेवढी पदरात पडली. त्या एका जागेवरून ते अध्यक्षपदापर्यंत गेले ते संसदेतील 134 मतांवर, आणि ती मते प्रामुख्याने राजपक्षे यांच्या पक्षाची. शपथेनंतर काही तासांत पहाटे आंदोलकांच्या तळावर लष्कर घातले गेले. पुढे करवाढ आणि विजेच्या बिलांचा भार ज्यांच्यावर पडला त्यांनी काहीही बुडवलेले नव्हते. जागतिक बँकेच्या हिशेबाने 2023 मध्ये देशातला चारातला एक माणूस दारिद्र्यात होता. आणि मतदारांनी यावर बोलायचे कुठे? स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 2023 च्या मार्चमध्ये व्हायच्या होत्या. पैसे नाहीत म्हणून त्या गुंडाळल्या गेल्या. यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या ऑगस्टमध्ये सांगितले. निवडणूक टाळून लोकांचा राग जिरत नसतो, साचतो. तो सप्टेंबरात मतपेटीत पडला. तेव्हाच्या अध्यक्षांना 17.27 टक्के.

सजित प्रेमदासा आणि विक्रमसिंघे यांची मते एकत्र केली तर ती 50 टक्क्यांच्या किंचित वर जातात, हे गणितही मग मांडले गेले. दोघेही मूळचे एकाच पक्षातले. मांडणाऱ्यांनी ते खुशाल मांडावे. पण 2022 मध्ये देश पेटला असताना पंतप्रधानपद समोर आले, तेव्हा प्रेमदासा अटींची यादी करत बसले आणि विक्रमसिंघे यांनी खुर्ची पटकावली, हे मतदार विसरला नव्हता. शिवाय आज विरोधात निवडून आलेला खासदार उद्या मंत्री म्हणून शपथ घेताना दिसतो, हे कोलंबोत नित्याचे. महाराष्ट्रातील वाचकांना या प्रकाराची फोड करून सांगण्याची गरज नाही.

दिसानायके धुतल्या तांदळासारखे आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यांच्या जनता विमुक्ती पेरामुनाने 1971 आणि 1987 ते 89 असे दोनदा सशस्त्र उठाव केले. दुसऱ्या वेळी भारतीय माल विकणाऱ्यापासून मतदानाला जाणाऱ्यापर्यंत अनेकांना धमक्या आल्या, अनेक मारले गेले. सरकारनेही हजारो तरुण गायब केले. त्या हिंसेबद्दल दिसानायके यांनी 2014 मध्ये माफी मागितली. शासनाचा अनुभव म्हणाल तर 2004-05 मध्ये जेमतेम वर्षभराचे कृषिमंत्रिपद. ते सोडले का? त्सुनामीची मदत उत्तर आणि पूर्वेकडे वाटण्यासाठी तमिळ वाघांबरोबर संयुक्त यंत्रणा उभारायला विरोध म्हणून. उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण मोडण्यासाठी 2006 मध्ये न्यायालयात गेला तोही हाच पक्ष. तेव्हा जाफन्यात त्यांना दहा टक्केही मते मिळाली नाहीत यात नवल ते काय. तिथल्या मतदाराचा भ्रमनिरास कोलंबोपेक्षा जुना आणि अधिक खोल आहे. त्याच्या दृष्टीने हा उमेदवार पंगतीबाहेरचा नव्हताच.

पण या पक्षाने एक काम सातत्याने केले ते म्हणजे हिशेब मागण्याचे. रोखे घोटाळ्याची चिरफाड करणारा संसदीय समितीचा अहवाल 2016 मध्ये आला तेव्हा समितीच्या अध्यक्षपदी याच पक्षाचे सुनील हंदुन्नेत्ती होते. कंटाळवाणे, चिवट, कागदपत्रांचे काम. मतदाराला ते कळत नाही असे समजणारे पुढारी नेहमीच पडतात. कीव्हमध्ये 2019 ला लोकांनी मालिकेत अध्यक्ष झालेल्या नटाला 73 टक्के मते देऊन खराखुरा अध्यक्ष केले, ब्युनोस आयर्समध्ये 2023 ला प्रचारात यांत्रिक करवत फिरवणारे हाविएर मिलेई निवडून आले. एल साल्वादोरमध्ये नायिब बुकेले यांनी दोन जुन्या पक्षांचा सफाया केला आणि मग घटनेतली सलग दुसऱ्या खेपेची मनाईही मोडीत काढली. या प्रत्येक ठिकाणी जुन्या पक्षांनी आधी सगळे गमावले आणि मग बाहेरचा आला. पण म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक जण एकाच मोलाचा नव्हे. करवत फिरवायला पंधरा मिनिटे लागतात. घोटाळ्याच्या फायली वाचायला वर्षे जातात. श्रीलंकेच्या मतदाराने यातला दुसरा निवडला, एवढे तरी वाहिन्यांवरच्या पंडितांनी मान्य करावे. आपल्या परराष्ट्र खात्याला ते 2024 च्या फेब्रुवारीतच दिसले होते. दिसानायके यांना तेव्हा अधिकृत निमंत्रण देऊन दिल्लीत बोलावले गेले, परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार दोघेही त्यांना भेटले. तीन खासदारांच्या नेत्याला उगाच कोणी बोलावत नाही. मन्नारमधील अदानींचा पवनऊर्जा प्रकल्प रद्द करू असे ते प्रचारात म्हणाले म्हणून ते भारताचे शत्रू ठरत नाहीत. एका उद्योगसमूहाचा करार आणि देशाचे हित यांत फरक करणे आपल्या स्टुडिओंना अवघड जाते, हा दोष कोलंबोचा नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. 1978 मध्ये जयवर्धने यांनी कार्यकारी अध्यक्षाची राक्षसी ताकदीची खुर्ची तयार केली. ती मोडू असे वचन 1994 मध्ये चंद्रिका कुमारतुंगा यांनी दिले, 2005 मध्ये महिंदांनी दिले, 2015 मध्ये सिरिसेनांनी दिले. चंद्रिका त्या खुर्चीत 11 वर्षे राहिल्या. महिंदांनी तर तिच्यावरची दोन मुदतींची मर्यादाच उडवली. सिरिसेनांच्या काळात 19 व्या घटनादुरुस्तीने काही अधिकार कापले, गोताबायांनी 20 व्या दुरुस्तीने ते परत घेतले. बाहेर असताना जी खुर्ची सगळ्या दुखण्यांचे मूळ वाटते ती बसल्यावर मऊ लागते. दिसानायके यांच्या पक्षाने 2018 मध्ये ती रद्द करण्याचे विधेयक संसदेत मांडले होते आणि 2024 च्या जाहीरनाम्यातही ते वचन होते. आता ते स्वतःच तिच्यावर बसले आहेत. संसद बरखास्त करून 2024 मध्येच निवडणूक घेतली गेली आणि तीत बहुमतही मिळाले, तेव्हा खुर्ची मोडायला सबब उरलेली नाही.

तोवर करण्यासारखे साधे काम आहे. दिसानायके अध्यक्ष झाले तेव्हा स्थानिक संस्थांची शेवटची निवडणूक 2018 मधली होती. 13 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या प्रांतिक परिषदांची त्याहून जुनी. उत्तर प्रांतात तर 2013 नंतर मतदानच नाही, तिथे राज्यपाल कारभार हाकतात. या परिषदा दिसानायके यांच्या पक्षाला कधीच पसंत नव्हत्या, भारताने लादल्या म्हणून. पसंत असोत वा नसोत, त्यांच्या निवडणुका घ्याव्याच लागतील. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती हवी आहे, ती संसदेने लवकरात लवकर करावी आणि जाफन्यातील मतदानाची तारीख अध्यक्षांनी तिथे जाऊन जाहीर करावी.