ऑनलाइन मिळतो म्हणून वॉकी-टॉकी कायदेशीर होत नाही

९ मे २०२५ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल १३ नोटिसा काढल्या. त्यात देशातल्या बड्या शॉपिंग वेबसाइट होत्या, तसेच छोटे विक्रेतेही होते. तपासात अशा १६,९७० जाहिराती सापडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जानेवारी २०२६ मध्ये काही मोठ्या प्लॅटफॉर्मना प्रत्येकी दहा लाख रुपयांचा दंड झाला.

बातमी आली, दोन दिवस चालली आणि विसरली गेली. पण दंड विकणाऱ्याला झाला, सेट मात्र घेणाऱ्याच्या घरीच राहिले. त्यातले किती आपल्या मोहल्ल्यात आहेत याचा विचार आपण केला आहे का? ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये रांग सांभाळणारे खिदमतगार, इज्तेमाच्या पार्किंगवर उभी असलेली मुले, शादी हॉलचे मॅनेजर, शाळेची सहल, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांच्या कमरेला आता हे काळे सेट दिसतात. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क बसते, तेव्हा हेच कामाला येतात. गरज खरी आहे, त्यामुळे घेणाऱ्याला दोष देऊन विषय संपत नाही. पण कायदा काय म्हणतो, हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते.

हवेतल्या लहरींचे मालक कोण?

रेडिओच्या लहरी दिसत नाहीत, पण त्या रस्त्यासारख्या आहेत. रस्ता सगळ्यांचा, म्हणूनच त्यावर लेन आणि सिग्नल लागतात. एक पट्टा पोलिसांचा, एक विमानांचा, एक जहाजांचा, एक मोबाइल कंपन्यांचा. हे वाटप दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा करते. ही शाखा १९५२ पासून हेच काम करते आहे.

भारतात वायरलेस सेट विनापरवाना जवळ बाळगणे हा १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टपासून गुन्हा आहे. लक्षात घ्या, ‘वापरणे’ नाही, ‘बाळगणे’. ट्रान्समीटर, म्हणजे आवाज पाठवणारे यंत्र, विनापरवाना सापडले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्या कायद्यात लिहिले आहे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने जुन्या कायद्यांची जागा घेत आहे. त्यातही मूळ मुद्दा तोच आहे: रेडिओ उपकरण बाळगायचे तर परवानगी हवी, नाहीतर सरकारने त्या उपकरणाला दिलेली सूट हवी.

ही सूट आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात कमी शक्तीचे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. ‘लायसन्स फ्री’ हा शब्द इथून आला. पण त्याला एक अट आहे. त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला दिलेली मंजुरी, असायला हवी. विक्रेते ‘लायसन्स फ्री’ मोठ्या अक्षरात लिहितात आणि अट गिळून टाकतात.

प्रोग्रामिंग केले की झाले?

आता खरी गफलत कुठे होते ते पाहू. बाजारात सगळ्यात जास्त फिरणारे सेट चीनमधून आलेले आहेत. बाओफेंगचा यूव्ही-५आर हे त्यातले प्रसिद्ध नाव. दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळणारा हा सेट साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात बोलू शकतो. शक्ती चार ते पाच वॅट. युरोपात याच ४४६ च्या पट्ट्यात परवान्याशिवाय फक्त अर्धा वॅट चालतो, म्हणजे हा सेट त्याच्या आठ-दहा पट ताकदीचा.

दुकानदार किंवा यूट्यूबवरचा भाई सांगतो, “टेन्शन नका घेऊ, केबल लावून ४४६ वर प्रोग्राम करून देतो, मग लीगल.” केबल मिळते, कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर फुकट आहे, दहा मिनिटांत काम होते. तांत्रिकदृष्ट्या हे खरे. कायद्याने नाही. सूट फ्रीक्वेन्सीच्या आकड्याला नाही, त्या आकड्यात बंद असलेल्या मंजूर उपकरणाला आहे. तुम्ही चॅनेल भरलेत तरी सेटची क्षमता तीच राहते. कीपॅडवरून दुसरा आकडा टाकला की तो पुन्हा दुसऱ्याच्या लेनमध्ये जातो. ट्रकवर ‘रिक्षा’ असे लिहिले म्हणून त्याला रिक्षाचे परमिट लागू होत नाही, तसेच हे.

आणि दुसऱ्याची लेन म्हणजे काय ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. १५६.८ मेगाहर्ट्झ हा समुद्रातला चॅनेल १६. बोट संकटात सापडली की तांडेल त्यावरच हाक मारतो. हा आकडा या स्वस्त सेटच्या पट्ट्यात बरोबर बसतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या पोराने गंमत म्हणून बटण दाबून धरले, तर त्या वेळी कुणाची तरी मदतीची हाक अडू शकते. म्हणून कायद्याच्या भीतीच्याही आधी हा अमानतीचा प्रश्न आहे.

तीन फसव्या गोष्टी

पहिली, परदेशातली सूट. अमेरिकेत ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे छोटे फॅमिली सेट परवान्याशिवाय चालतात. तिकडून आलेल्या मामूंनी मुलांसाठी जोडी आणली, इथे ती सूट लागू नाही. सरहद्द ओलांडली की नियम बदलतो. आखातातून येणाऱ्यांनी तर सॅटेलाइट फोनबद्दल खास सावध राहावे. थुराया ही यूएईचीच कंपनी, तिकडे तो फोन सर्रास दिसतो. पण भारतात थुराया आणि इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणता येत नाहीत. विमानतळावर बॅगेत सापडला तर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरी, ईटीएचा कागद. काही विक्रेते ईटीएची झेरॉक्स दाखवून ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’ म्हणतात. ईटीए म्हणजे उपकरण मापात आहे याचा दाखला, तुम्हाला वापरायची परवानगी नाही. सेट जर परवाना लागणाऱ्या पट्ट्यात चालत असेल तर ईटीए असूनही वापरणाऱ्याला वेगळा परवाना लागतोच. ४४६ च्या सूट असलेल्या पट्ट्यात मात्र ईटीए पुरते. म्हणून कागदावर मॉडेल नंबर आणि फ्रीक्वेन्सी, दोन्ही वाचा.

तिसरी, ‘खेळणे’ हे लेबल. डब्यावर कार्टून छापले म्हणून आतला ट्रान्समीटर खेळण्यातला होत नाही.

आपल्यासाठी हा विषय वेगळा का?

हे सेट ढोल-ताशा पथकांकडे आहेत, बिल्डरच्या साइटवर आहेत, राजकीय सभांमध्ये आहेत. कायदा सगळ्यांना एकच आहे. पण वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून चालणार नाही. १३ नोटिसा निघाल्या त्या पहलगाम हल्ल्यानंतर तीनच आठवड्यांत, वातावरण तापलेले असताना. अशा दिवसांत वीस वर्षांच्या मुस्लिम मुलाच्या बॅगेत पोलिसांच्या पट्ट्यावर चालू शकणारा चिनी सेट सापडला, तर तो जुलूसमध्ये पाणीवाटपाची रांग सांभाळत होता हे सिद्ध करता करता त्याची परीक्षा, नोकरी, पासपोर्ट सगळे लटकू शकते. नंतर निर्दोष सुटला तरी गेलेली वर्षे परत येत नाहीत.

एवढ्यासाठी घाबरून घरात बसा असे माझे म्हणणे नाही. दोन गोष्टी एकदम करायला हव्यात. आपल्या बाजूचे काम स्वच्छ ठेवायचे, आणि व्यवस्थेला सवालही विचारायचे.

सवाल साधे आहेत. हजारो जाहिराती उघडपणे चालू होत्या, तेव्हा आयात करणाऱ्यांना कुणी अडवले? ज्याने भरवशाच्या वेबसाइटवरून बिलासकट वस्तू घेतली, तो ग्राहक फसवला गेला की गुन्हेगार ठरला? प्राधिकरणाच्या नोटिसांचा सूर ग्राहकाची दिशाभूल झाली असाच होता. मग तोच सूर पोलीस ठाण्यातही असावा. जुने सेट जमा करण्यासाठी सरकारने मुदत द्यावी, मंजूर मॉडेलची यादी सोप्या मराठीत जाहीर करावी, आणि कारवाई करताना पथक कुणाचे, जुलूस कुणाचा हे न पाहता एकच माप लावावे. या मागण्या सगळ्याच समाजांच्या फायद्याच्या आहेत.

मशीद कमिट्यांनी आणि आयोजकांनी काय करावे?

पुढच्या कार्यक्रमाआधी एक बैठक याच विषयावर घ्या. कमिटीकडे, पोरांकडे कोणकोणते सेट आहेत, मॉडेल कोणते, बिल आहे का, हे वहीत लिहा. ईटीए असलेला, ४४६ च्या पट्ट्यात बंद असलेला सेट असेल तर ईटीएची प्रत आणि बिल सोबत ठेवा. छोट्या मैदानासाठी तेवढा पुरतो. मोठा कार्यक्रम असेल तर परवानाधारक एजन्सीकडून भाड्याने घ्या, तिच्या परवान्याची प्रत मागा, आणि पोलिसांच्या परवानगीसाठी अर्ज करतानाच त्यात सेटची संख्या लिहा. जी गोष्ट आधी लिहून दिली, तिच्याबद्दल संशयाला जागा कमी राहते.

घरात मोठ्या पट्ट्याचा सेट पडलेला असेल तर वापर आजच थांबवा. ‘आम्ही फक्त पोलिसांचे ऐकतो, बोलत नाही’ ही सवय तर मुळीच नको. तो दुसऱ्याला विकून मोकळे होऊ नका, कारण तीही बेकायदा विक्रीच झाली. बिल सांभाळा आणि वकिलाचा सल्ला घेऊन पुढचे ठरवा. वालिदैननी एकदा मुलांच्या ऑनलाइन ऑर्डर बघाव्यात.

ज्या मुलांना या यंत्राची खरी आवड आहे, त्यांना रागावू नका, त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे. हॅम रेडिओ. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रेडिओचे तंत्र आणि नियम यांवर लेखी पेपर असतो, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडही लागत नाही. पास झाले की डब्ल्यूपीसी परवाना आणि जगात एकमेव असा कॉल साइन देते. दहावीच्या विज्ञानाची तयारी असलेल्या मुलाला हे जड नाही. मात्र हॅमचा परवाना जुलूस किंवा धंदा चालवण्यासाठी नाही. तो शिकण्यासाठी, आणि आपत्तीत खिदमतीसाठी आहे. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या सुनामीत अंदमानमध्ये फोन बंद पडले, तेव्हा हॅम ऑपरेटरांनीच निरोप पोहोचवले.

आपल्या शाळांमध्ये, अंजुमनच्या हॉलमध्ये हॅमचा वर्ग सुरू झाला, दरवर्षी पाच मुले-मुली परवानाधारक झाली, तर पूर आला तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालय आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलीला तिच्या कॉल साइनने हाक मारेल. तोच सेट, तीच मुले. फरक फक्त एका परीक्षेचा आणि एका कागदाचा आहे. तो कागद मिळवायला मदत करणे हे आपल्या कमिट्यांचे काम आहे, आणि ते या सुट्टीतच सुरू करता येईल.