उलट्या कौतुकाचे वळ

न सांगता अभ्यासाला बसलेल्या मुलाला ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं’ असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा त्यांना आनंदच झालेला असतो. पण आनंद सरळ बोलून दाखवायची सवय आपल्या पुष्कळ घरांना नाही, आणि रागही सरळ बोलायची नाही. निकाल वाईट लागला की ‘छान दिवे लावलेत’. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं की ‘या, महाराज, झाली का झोप?’ सुनेने चार दिवस माहेरी जाते म्हटलं की सासूबाई तिच्याकडे न बघता नणंदेला म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हती बाई अशी मुभा.’ लेकी बोले सुने लागे, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी ते ऐकतच आपण वाढलो.

या बोलण्याविषयी गंभीरपणे लिहावंसं वाटतं, कारण एरवी ते कोणी गंभीरपणे घेतच नाही. कोणी शिवी दिली तर ती शिवी आहे हे दहा जण मान्य करतात. मारलं तर वळ दिसतो. टोमण्याचं तसं नाही. ‘हुशार आहेस हो तू’ या वाक्यात आक्षेप घ्यावा असा एकही शब्द नाही. अपमान असतो तो आवाजाच्या हेलात, उंचावलेल्या भुवईत आणि आजूबाजूला बसलेल्यांच्या हसण्यात. तक्रार करायला गेलं तर हातात पुरावा नाही. वर ऐकावं लागतं, ‘गंमत केली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? फारच बाई हळवी तू.’ माझ्या मते खरा घाव हा दुसरा असतो. पहिल्या वाक्याने तुम्ही कमी आहात असं सुचवलं. दुसऱ्याने, तुम्हाला जे दुखलं ते दुखायलाच नको होतं, असं ठरवून टाकलं. वर्षानुवर्षं हे ऐकणारा माणूस हळूहळू स्वतःच्या दुःखावरही विश्वास ठेवेनासा होतो.

मुलांच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे. साधारण पाच-सहा वर्षांची झाली की मुलांना समोरचा बोलतोय त्याच्या उलट अर्थ आहे, हे कळू लागतं. पण तो असं का बोलला, मायेने चिडवलं की मुद्दाम दुखवलं, हे उमगायला पुढे आणखी बरीच वर्षं जातात. मधल्या काळात मुलाच्या हाती एवढंच येतं की मी काहीतरी केलं आणि सगळे हसले. पुढच्या वेळी पुस्तक घेऊन बसताना ते आधी आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघतं.

मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या पाच हजारांवर किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास केला आणि 1965 मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. स्वतःविषयीचा आदर मोजण्यासाठी त्याने केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. त्याने मुलांना आणखी काही साधे प्रश्न विचारले होते. गुण कमी पडल्यावर आईवडील काय करत? जेवताना घरच्या गप्पांत तुमचं बोलणं ऐकलं जाई का? मला त्यातला एक निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. कमी गुण बघून आईवडील रागावत, अशा मुलांपेक्षाही ज्यांच्या घरी कोणाला काहीच वाटत नसे, त्या मुलांचा आत्मसन्मान कमी होता. रागावण्यातही ‘तू माझ्यासाठी महत्त्वाचा आहेस’ एवढं तरी पोचतं. टोमण्यात हे पोचणं बंद होतं. बोलणारा चिडलेला असतो, काळजीतही असतो, पण दोन्ही झाकून तो प्रेक्षकासारखा लांब उभा राहतो. मुलाला त्याची काळजी दिसतच नाही. हे माझं अनुमान आहे, रोझेनबर्गचं नव्हे; पण आजूबाजूची घरं बघताना ते पुन्हा पुन्हा पटतं.

याचा सगळ्यात वाईट परिणाम मला मोठ्या वयात दिसतो. कौतुकाचे शब्द इतक्या वेळा उलटे वापरले गेलेले असतात की खरं कौतुक ओळखूच येत नाही. कचेरीत साहेब म्हणतात, ‘अहवाल उत्तम झालाय,’ आणि चाळिशीतली कर्तबगार बाई घरी येईपर्यंत विचार करत राहते, ते खरंच म्हणाले की टोचून म्हणाले? नवऱ्याने ‘छान दिसतेस’ म्हटलं की ती पटकन ‘पुरे, चेष्टा नको’ म्हणून मोकळी होते. चांगलं बोलणारं माणूस भेटूनही ते तिच्यापर्यंत पोचत नाही. खोट्या नाण्यांनी भरलेल्या बाजारात खरं नाणंही लोक दगडावर आपटून बघतात, तसं होतं.

शाळेतही हे होतं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने, त्याच्या कलम 17 मध्ये, मुलांना शारीरिक शिक्षा करायला जशी बंदी आहे तशी मानसिक छळालाही आहे. छडी बरीचशी गेली. पण ‘आले आमचे रामानुजन, या फळ्यावर’ हे मानसिक छळात मोजायला आपण अजून तयार नाही, कारण वर्ग खदखदून हसतो आणि असे शिक्षक लोकप्रियही असतात. फळ्यासमोर खडू धरून उभ्या मुलाला ते हसू किती वर्षं ऐकू येतं, हे त्याला विचारावं.

कोणी म्हणेल, उपरोध काढला तर मराठीत उरलं काय? उपरोधाला माझा विरोध नाही. शिवराम महादेव परांजप्यांनी 1898 मध्ये ‘काळ’ साप्ताहिक सुरू केलं आणि वक्रोक्तीच्या आडून इंग्रजी सत्तेवर प्रहार केले. सरळ लिहिलं तर तुरुंग, म्हणून आडवळण. तरीही 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगात जावं लागलंच. दुबळ्याने बलवंतापुढे धरलेली ती ढाल होती, आणि तिची किंमत त्यांनी मोजली. घरातल्या टोमण्यात दिशा नेमकी उलटी असते. वडील सात वर्षांच्या मुलावर, सासू नव्या सुनेवर, साहेब शिपायावर. ज्याला सरळ बोलायला कोणाचीच भीती नाही, त्याने आडून का बोलावं?

ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचं लक्षण सांगताना माणसाच्या चालण्याइतकंच त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं आहे. अहिंसक वाणीने जे अवगुण टाकले, त्यांच्या यादीत उपहास आहे, आणि त्याच्या शेजारीच वर्मावर बोट ठेवणंही आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला हिंसेच्या प्रकरणात जागा मिळाली, तिला आपण विनोदबुद्धी म्हणून मिरवतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

मोठ्या माणसाला यातून थोडी वाट काढता येते. कोणी टोचून बोललं की न चिडता विचारावं, ‘म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?’ समोरच्याला मग सरळ बोलावं लागतं किंवा गप्प बसावं लागतं. सुनेला हे विचारणं सोपं नाही, शिपायाला तर नाहीच, तरी निदान शब्द त्यांच्याजवळ असतात. मुलाजवळ तेही नसतात. त्याच्यासाठी बदल मोठ्यांनीच करायचा आहे, आणि पुढचं प्रगतिपुस्तक घरी येईल त्या दिवशी तो करता येईल. ‘गणितात कमी गुण पडले, मला वाईट वाटलं. कुठे अडतंय ते दाखव, जेवण झालं की दोघं बसू.’