नेट नाही, म्हणून नेटवर्कही नाही?

शिक्षक मित्रहो, आणि घरी जुना संगणक खोलून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात संगणकाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्याकडे नेट कुठे आहे?" तक्रार खोटी नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे आपण दरवर्षी वाचतो. पण या तक्रारीत एक चूक दडलेली आहे. इंटरनेट आणि नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन संगणक एकमेकांशी बोलले की झालं नेटवर्क. त्यासाठी टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. लागतो तो एक स्विच आणि चार वायरी.

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, हे दुकानात आधी सांगा, नाहीतर बटणच हातात पडेल. हा एक छोटा डबा असतो, त्याला पाच, आठ किंवा जास्त पोर्ट असतात. त्याचं काम वर्गाच्या उदाहरणाने समजतं. पूर्वी हब असायचे. हब म्हणजे एकाचा निरोप साऱ्या वर्गाला ओरडून सांगणारा मुलगा. स्विच मात्र कोण कुठल्या बाकावर बसतं ते लक्षात ठेवतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. कोणी निरोप पाठवला की तो कुठल्या पोर्टमधून आला हे स्विच टिपून घेतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी आलेला निरोप थेट त्याच पोर्टला देतो. पत्ता माहीत नसेल तेव्हाच सगळीकडे विचारणा.

मुलांना जरूर सांगावी अशी एक गोष्ट. असा अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये अमेरिकेतल्या ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचं नाव होतं 'कल्पना'. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. त्या पहिल्या स्विचला सात पोर्ट होते.

आता घ्यायचा कुठला? माझं मत स्पष्ट आहे: आठ पोर्टांचा, गिगाबिट, साधा म्हणजे अनमॅनेज्ड, पंखा नसलेला. पाच पोर्टांचा घेऊ नका, एक राउटरला गेला की चारच उरतात. शंभर एमबीपीएसचा स्वस्त मिळतो, पण फरक गणितात बघा. एक जीबीची फाइल म्हणजे साधारण ८००० मेगाबिट. शंभरच्या स्विचवर ती जायला कागदावर ८० सेकंद, गिगाबिटवर ८. मात्र गिगाबिटसाठी वायरीच्या आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच तारा जोडल्या असतील तर स्विच कितीही चांगला असो, वेग शंभरवरच अडतो.

काही जण भंगारातून २४ पोर्टांचा जुना ऑफिसचा स्विच आणतात. दिसायला भारी. पण समजा तो ३० वॅट घेतो आणि दिवसरात्र चालू आहे, तर महिन्याला २१.६ युनिट. लहान स्विच ४ वॅटचा धरला तर तीन युनिटही होत नाहीत. शिवाय त्या जुन्याचा पंखा असा घोंघावतो की घरचे दुसऱ्याच दिवशी तो गोठ्यात नेऊन ठेवतील.

पहिला प्रयोग हा करा. राउटर नको. दोन संगणक स्विचला जोडा, एकाला १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.२ असा पत्ता हाताने द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग एकावरून दुसऱ्याला पिंग करा. उत्तर आलं नाही तर लगेच वायरीला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल अडवत असतो.

दुसरा प्रयोग आमच्याकडे न ठरवता झाला. एका मुलाने मोकळी दिसली म्हणून एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावली. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि सगळं ठप्प! निरोप गोल गोल फिरत राहिले. मी आधी स्विचच गेला समजून अर्धा तास घालवला. अशी वर्तुळं टाळणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केली, पण ती साध्या स्विचमध्ये सहसा नसते. म्हणूनच साधा स्विच आधी घ्या म्हणतो. चूक केली की ती डोळ्यांसमोर दिसते. एकाच डब्यात दोन वेगळी नेटवर्कं करायची, म्हणजे व्हीएलएएन शिकायचं, अशी वेळ आली की मग स्मार्ट स्विच घ्या, त्याआधी नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच आहे: लाईन आणि वीज. लाईन गेली तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस स्विचलाही चालतो, पण आधी स्विचच्या तळाशी लिहिलेला व्होल्ट वाचा. ५ व्होल्टच्या स्विचला १२ व्होल्ट दिले तर तो गेलाच म्हणून समजा. आणि कडाडायला लागलं की प्लगबरोबर बाहेरून येणाऱ्या वायरीही काढा. दोन इमारतींमध्ये, अंगणावरून किंवा झाडावरून तांब्याची वायर कधीच ओढू नका. तिची मर्यादा १०० मीटर आहे हे खरं, पण त्याआधी जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून आत शिरतो आणि स्विचबरोबर संगणकही जाळतो. तिथे फायबरच हवी.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. किविक्स नावाचा मोफत प्रोग्राम आहे. मराठी विकिपीडियाची फाइल चंद्रपूर-गडचिरोलीला चांगलं नेट मिळेल तेव्हा एकदाच पेन ड्राइव्हवर उतरवून आणा. एका संगणकावर ठेवा, किविक्सचा सर्व्हर सुरू करा, आणि स्विचला जोडलेल्या बाकीच्या सगळ्या संगणकांवर ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. मुलं शोधायला लागतात, एकाने वाघ शोधला तर दुसरी लगेच आपल्या गावाचं नाव टाकून बघते, आणि बाहेर टॉवर बंद आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.