न्हाणीघरातील षड्ज

ईट येथील एखाद्या व्यापारी घराची पहाट डोळ्यांपुढे आणावी. पुढे दुकान, मागे राहते घर, मध्ये चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात न्हाणीघर. दुकान उघडण्यास अद्याप तास-दीड तास अवकाश आहे. भूम तालुक्याचा हा भाग खव्यासाठी प्रसिद्ध. दुधाचे कॅन लटकावलेल्या दुचाक्या रस्त्याने जाऊ लागल्या आहेत. अशा वेळी न्हाणीघराची कडी आतून लागते, बादलीत पाण्याची धार पडू लागते आणि दिवसभर भाव, वजन व उधारी यांपलीकडे फारसे न बोलणारे घरातील साठीचे गृहस्थ गाऊ लागतात. चौकात धान्य निवडणाऱ्या सुनेला हसू आवरत नाही. नातवंडे नक्कल करतात. सासूबाई तेवढ्या हसत नाहीत. त्या कान देऊन असतात. त्या का हसत नाहीत, याचा उलगडा पुढे होईल.

या गाण्याचा उपहास करण्याचे वास्तविक कारण नाही, कारण त्याच्या पाठीशी भौतिकशास्त्र उभे आहे. उघड्या अंगणात आवाज निघून जातो तो परत येत नाही. गुळगुळीत फरशीच्या भिंती मात्र आवाज शोषून न घेता परत पाठवतात. परतलेले ध्वनी एकमेकांत मिसळतात, सुराला लांबी येते आणि थोड्याफार चुकलेल्या जागा झाकल्या जातात. शिवाय लहान खोलीला तिचा स्वतःचा एक सूर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार फुटांचे अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये सेकंदाला सुमारे 140 कंपनांचा सूर विशेष घुमतो. आता योगायोग असा, की पेटीवर पुरुष गायक षड्जासाठी जी काळी एक ही पट्टी सर्रास घेतात, तिची कंपने 138 ते 139 भरतात. गवंड्याने कोणताही हेतू न ठेवता बांधलेली ती चार फुटी खोली पुरुषाच्या आवाजासाठी जवळजवळ लावून ठेवलेल्या तंबोऱ्यासारखी ठरते. स्त्रियांची पट्टी सामान्यतः काळी चार किंवा काळी पाच. त्या हिशेबाने त्यांच्यासाठी दोन भिंतींतील अंतर अडीच फुटांच्या आसपास हवे होते. बांधकामात तेथेही पुरुषांचीच सोय पाहिली गेली, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही.

प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. खालच्या सुरापासून हळूहळू चढत आकार लावावा. एका ठिकाणी खोली आपण होऊन बोलू लागते. गाणे निवडण्यापूर्वी तो सूर सापडला, की अर्धे काम झाले. त्यालाच षड्ज मानून गायले असता बेताचा आवाजही भारदस्त वाटतो.

ही आवड आजकालची नाही. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचे बिऱ्हाड एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर होते. तेथील नाना आवाजांची यादी त्याने एका पत्रात दिली आहे आणि तीत ज्याला स्नान करताना स्वतःचाच आवाज फार आवडतो, अशा माणसाचाही समावेश आहे. दोन हजार वर्षांनंतर, 2012 साली, वूडी ॲलन यांनी रोम शहरावरील आपल्या चित्रपटात अंत्यविधीचा व्यवसाय करणारा एक साधा मनुष्य दाखवला. तो न्हाणीघरात अप्रतिम गातो, पण बाहेर त्याला गाता येत नाही. अखेर रंगमंचावरच शॉवर उभारून त्याला गायला लावतात. ती भूमिका करणारे फाबिओ आर्मिलिआतो हे प्रत्यक्षात नामांकित ऑपेरा गायक आहेत.

पूर्वी काय गावे वा ऐकावे, हा प्रश्न फारसा पडत नसे. निवड आकाशवाणी करी. बंबात लाकडे सरकवताना केंद्राची ती परिचित सुरावट कानी पडे. तिचे कर्तेपण वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून मुंबईत येऊन राहिलेल्या संगीतकाराकडे दिले जाते. मग भक्तिगीते, मग प्रादेशिक बातम्या. बातम्यांच्या आत अंघोळ आटोपली पाहिजे, हा कित्येक घरांतील अलिखित कायदा होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे लागणारे कीर्तन आणि उटण्याचा वास यांची जोडी तर आजही अनेकांच्या मनातून सुटलेली नाही. मध्यंतरी, 1952 नंतर, माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ बाहेर काढले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारने त्यांना परत बोलावले. गिऱ्हाईक समोरच्या दुकानी जाऊ लागले की माल बदलावा लागतो, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आता खिशातील फोनमध्ये लाखो गाणी आहेत आणि निवड ज्याची त्याने करावयाची आहे. पहाटेसाठी म्हणून भैरव, अहीर भैरव, ललित हे राग शास्त्राने नेमून दिलेले आहेत, आणि कोमट पाण्याचा तांब्या खांद्यावरून ओतताना अहीर भैरवाचा विलंबित आलाप ऐकणे हे सुख नाकारता येणार नाही. मात्र येथे एक गंमत लक्षात घ्यावी. ज्या गीतप्रकाराला आपण भूपाळी म्हणतो तो पहाटेचा, परंतु भूप रागाची शास्त्रोक्त वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. मराठी घरांनी हा नियम कधी फार मनावर घेतला नाही. होनाजी बाळाच्या जीवनावरील ‘अमर भूपाळी’ 1951 साली पडद्यावर आला, तेव्हापासून तर पहाट आणि भूपाळी यांची गाठ पक्कीच झाली. राग-समयाच्या चिंतेने कोणी गाणे अडवून धरू नये.

लांबीचा विचार मात्र जरूर करावा. ‘संगीत मानापमान’ 1911 सालचे, ‘संगीत स्वयंवर’ 1916 सालचे. बालगंधर्वांच्या काळी यांतील एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत रंगभूमीवर हवे तितके लांबे. तीच पदे ध्वनिमुद्रित होताना मात्र मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूत, म्हणजे सुमारे तीन मिनिटांत, बसवावी लागत. त्या काळच्या गायकांनी या सक्तीला कंटाळून काय म्हटले असेल ते असो. एका बादलीच्या अंघोळीला ते माप तंतोतंत लागू पडते. उलट गीतरामायण घ्यावे. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर प्रसारित झालेली, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली व सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही 56 गीते बहुधा अनेक कडव्यांची आहेत. एखादे पूर्ण म्हणण्याचा संकल्प सोडला, तर बाहेर रांग लागते. दोन कडव्यांवर थांबण्याचा संयम ज्याच्यापाशी आहे, त्यानेच त्या वाटेला जावे.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. पवित्र सूत्रे व मंत्र न्हाणीघरात मोठ्याने उच्चारू नयेत, मनात स्मरण करावे, असा संकेत अनेक वडीलधारी मंडळी पाळतात. मग फोनवर स्तोत्र लावून आत न्यावे काय? ज्या घरात हा संकेत आहे तेथे तो मोडण्याचे प्रयोजन दिसत नाही. स्नानानंतर मंदिरात त्या स्वरांना त्यांचे स्थान आहेच. किंबहुना आपल्या परंपरेत स्नान व गायन यांची खरी सांगड तेथेच घातलेली आढळते. पंडित वीरविजयजींची स्नात्रपूजा ही वाचण्याची नसून गाण्याची रचना आहे; प्रभूचा अभिषेक आणि गायन तेथे हातात हात घालून चालतात. स्वतःच्या अंघोळीला त्या मानाने साधेसुधे भावगीत पुरेसे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मराठवाड्यातील बाई पहाटे जात्यावर गात असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रभरातून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, सारे काही त्या ओव्यांत आहे, कारण जात्याच्या घरघरीत बाईला मोकळीक होती. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि तिच्या मनगटांना विसावा मिळाला. पण गाण्याची जागाही गेली. एकत्र कुटुंबात दर्शनी भागात सासरे, दीर, मुनीम आणि गिऱ्हाइके असतात; तेथे सुनेने गळा मोकळा करावा असे वातावरण क्वचितच असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिले बक्षीस मिळवलेली मुलगी लग्नानंतर कोठे गाते, असा प्रश्न केला तर आतून कडी लागणारी एकच खोली घरात उरते. तेथून येणाऱ्या गुणगुणण्यावर कोणी ‘आज फारच आनंद झालेला दिसतो’ असा शेरा मारला, की दुसऱ्या दिवशी केवळ पाण्याचा आवाज येतो. तो शेरा गिळता आला, तर घरातील एक गळा वाचतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे. बालाघाटच्या या पठारावर बादलीभर पाण्याची किंमत कोणाला शिकवावी लागत नाही. शेजारच्या लातूर शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या आकड्याशी गाण्याचा मेळ घालून पाहावा. मिनिटाला दहा लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली सहा मिनिटांचे नाट्यपद आळवले, तर 60 लिटर गेले; म्हणजे स्वयंपाक, पिणे, धुणे सारे बाजूला राहून एका पदातच दिवसाचा वाटा संपला आणि वर पाच लिटर उधारी झाली. तेच पद पंधरा लिटरच्या बादलीसमोर गायले, तर गाणे कितीही लांबो, पाणी पंधरा लिटरच. उधळपट्टी गाणे करीत नाही, ती तोटी करते. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरात 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घालण्यात आली होती. त्या दुष्काळात तेथील एका विमा कंपनीने नामवंत गायकांकडून त्यांची लोकप्रिय गाणी दोन-दोन मिनिटांत पुन्हा गाऊन घेतली. गाणे संपले की नळ बंद. मोठमोठ्या जाहिरातफलकांनी झाले नसते ते काम दोन मिनिटांच्या ठेक्याकडे सोपवण्याची ही युक्ती हिशेबी माणसाला आवडावी अशीच आहे. कुंथलगिरीची वाट चालणाऱ्यांना अर्थात याच्याही पुढची पायरी ठाऊक आहे. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत अस्नान हा एक आहे. गृहस्थाने निदान तोटी तरी आवळावी.

आता सासूबाईंकडे परत यावे. हल्ली बंब जाऊन गॅसचे गीझर आले. न्हाणी लहान, थंडीमुळे झरोका पुठ्ठा लावून बंद केलेला, आणि गीझर आतच बसवलेला, अशी स्थिती असंख्य घरांत आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. डोके जड होते, पाय लटपटतात, कडीपर्यंत हात पोचत नाही. अशा दुर्घटनांच्या बातम्या हिवाळ्यात येतात आणि विसरल्या जातात. गीझर न्हाणीघराबाहेर भिंतीवर बसवणे व झरोका उघडा ठेवणे यांस पर्याय नाही. साठी ओलांडलेल्यांना ओल्या फरशीवर पाय घसरण्याचे भय वेगळेच. म्हणून कानात यंत्र घालून अंघोळ करणे सर्वथा टाळावे. बाहेरून मारलेली हाक ऐकू येत नाही. चार्जरला जोडलेला फोन पाण्याजवळ नेणे तर जिवावरचे धाडस आहे. फोनवर ऐकायचेच असेल, तर तो दाराबाहेर स्टुलावर ठेवावा. आणि तरीही फोनचे एक वैगुण्य राहतेच: आतील माणूस पडला, तरी फोन गातच राहतो.

माणसाच्या गळ्याचे तसे नाही. गृहस्थ गात आहेत तोवर ते उभे आहेत, श्वास घेत आहेत, शुद्धीवर आहेत. चहाचे आधण ठेवता ठेवता सासूबाई जे ऐकत असतात, ते संगीत नव्हे. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांना ठाऊक असते की पहिल्या कडव्यानंतर साबणापुरता खंड पडतो, अंतऱ्याला आवाज फाटतो आणि शेवटच्या ओळीला तांब्या बादलीच्या काठावर आपटतो. खंड नेहमीपेक्षा लांबला, की त्या पदराला हात पुसत दारापाशी जातात.

“पाणी पुरलं का हो?”

आतून “हो, पुरलं” असे येते. मग त्या परत जाऊन चहात साखर घालतात.