गुण कोणाचे, चेहरा कोणाचा?

लाइव्ह आलेल्या मुलीने कॅमेऱ्याकडे बघायचं, यंत्राने तिच्या रूपाला दहापैकी आकडा द्यायचा आणि बघणाऱ्यांनी त्यावर शेरे मारायचे, असा एक खेळ मोबाइलवर आहे. मुंबईच्या मुलीला तो जितका जवळ, तितकाच संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालच्या मुलीलाही. खेळाचे कैवारी म्हणतात, माणूस पक्षपात करतो, यंत्र नुसतं मोजतं.

हे साफ खोटं आहे. यंत्राला सौंदर्य आधी माणसांनीच शिकवलेलं असतं. संशोधनात बरीच वापरली जाणारी चीनमधल्या एका विद्यापीठाची छायाचित्रांची साठवण घ्या: ५५०० चेहरे आणि त्यांना एक ते पाच गुण देणारे ६० जण. चेहऱ्यांचे गट दोनच, आशियाई आणि गोरे. कापूस वेचून रापलेल्या वऱ्हाडी चेहऱ्याची त्यात वेगळी दखलच नाही. २०१६ साली यंत्रांनी निवाडा केलेल्या 'ब्यूटी.एआय' स्पर्धेत भारतातूनही पुष्कळ फोटो गेले होते. ४४ विजेत्यांत जवळजवळ सगळे गोरे निघाले, काळ्या वर्णाचा एकच. साठ जणांची आवड साऱ्या जगाचा निकाल म्हणून खपवणं हाच पक्षपात आहे.

शिवाय मोजायचं तरी काय? मोबाइल चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असला, तर पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा नाक सुमारे तीस टक्के रुंद भासतं, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडला. लाइव्ह येणारीचा फोन बहुतेक वेळा हातातच असतो. दोष अंतराचा, गुण कापले जातात तिचे.

"खेळच तो, मनावर कशाला घ्यायचं?" हा दुसरा बचाव. मला त्याची जास्त चीड येते. २०२० मध्ये टिकटॉकच्या अंतर्गत सूचना उघड झाल्या. कुरूप वाटणारे चेहरे, भेगाळलेल्या भिंती, गावाकडची शेतं दिसली तर व्हिडिओ पुढे नेऊ नका, असं त्यांत होतं. त्यातल्या बहुतेक सूचना आता वापरात नाहीत किंवा कधी वापरल्याच नाहीत, असं कंपनीने सांगितलं. पण रूप पाहून माणसाला मागे ढकलावं हे कोणीतरी कागदावर उतरवलं, ही गोष्ट खेळातली नाही.

आता माझं म्हणणं. लाइव्हमधला चेहरा थांबत नाही. तो बोलतो, अडखळतो, कोणाचं नाव वाचून खुलतो. यंत्र त्यातला एक क्षण गोठवून गुण देतं. सावळी स्मिता पाटील सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची. त्या पडद्यावरच श्याम बेनेगलांनी तिला हेरलं, आणि पुढे 'भूमिका' व 'चक्र'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तिच्या डोळ्यांतली धग कोणत्या मोजपट्टीने मोजणार होतात?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. हा खेळ चालवणाऱ्यांनी प्रत्येक आकड्याखाली लिहावं की यंत्र कोणाच्या चेहऱ्यांवर शिकलं आणि त्यांना गुण कोणी दिले. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींपुढे तर तो आणूच नये. आणि वरवट बकालच्या पोरींनो, प्रेक्षकांनी हट्ट धरला तरी या खेळाला चेहरा देऊ नका. कापसाच्या भावावर बोला, शेगावच्या वारीवर बोला, तुमच्या वऱ्हाडीत बोला.